पदराला पुसलेलं ‘सेंट’

पत्र:

ताई, आम्ही इंग्लंडमध्ये स्लावला राहतो. माझ्या नवऱ्यानं दोन वर्षांपूर्वी सिगारेट सोडली आणि वेप, म्हणजे ई-सिगारेट, सुरू केलं. सासूबाई कराडहून तीन महिन्यांसाठी आल्यात. वय अडुसष्ट, बीपीची गोळी चालू. त्यांना वेपचं काही माहीत नाही. एकदा वेपमध्ये भरायच्या द्रवाची बाटली दिसली, तेव्हा ह्यानं ‘सेंट आहे’ म्हणून वेळ मारून नेली. मागच्या मंगळवारी बाराच्या सुमारास आईंनी त्याची पँट बादलीत भिजवायला घेतली. खिशातल्या बाटलीचं टोपण निघालं होतं, निम्मी बाटली सांडलेली. ‘आंब्याच्या वासाचं सेंट सांडलं गं,’ म्हणत त्यांनी हात पदराला पुसले, पदर खोचला आणि कामाला लागल्या. हात नंतर कणीक मळायच्या आधी धुतले. चारच्या सुमारास त्यांना मळमळायला लागलं, दरदरून घाम आला, डोकं गरगरलं, एकदा उलटी झाली. संध्याकाळी आंघोळ करून पडल्या आणि रात्रीपर्यंत बऱ्या झाल्या. आईंनी आयुष्यात कधी सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलेलं नाही. बाटलीवर निकोटिन १८ मिलीग्रॅम लिहिलंय. हा म्हणतो, कातडीतून काही आत जात नाही, आईला पित्त झालं असेल. इकडे व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं, की एक थेंब अंगावर पडला तरी माणूस दगावतो. घरात चौदा महिन्यांची मुलगी आहे. खरं कोणाचं? आईंना पुढे काही होईल का? त्यांना खरं सांगायचं का? ती साडी टाकून द्यावी का?

— स्लावची सून

उत्तर:

तुमच्या पत्रातलं सगळ्यांत कामाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात. बाटली सांडली, हात चिकट झाले, हे तर होतंच. पण ‘हात पदराला पुसले, पदर खोचला’ हे मी तीनदा वाचलं. दुसरं तसंच वाक्य म्हणजे ‘आंघोळ करून पडल्या आणि बऱ्या झाल्या’. आंघोळीला गेल्या म्हणजे साडी उतरली. या दोन वाक्यांच्या मध्ये जवळजवळ पूर्ण दुपार आहे, आणि उत्तर त्या दुपारीत आहे.

त्याआधी एक गोष्ट, जी मी पत्रावरून ठरवू शकत नाही. अडुसष्टीची, बीपी असलेली बाई. तिला अचानक घाम, मळमळ आणि गरगर. हे हृदयाचंही दुखणं असू शकतं. बायकांना छातीत कळ न येताही हा त्रास होतो, हे मी औषधांच्या दुकानातल्या काउंटरमागच्या चाळीस वर्षांत अनेकदा पाहिलंय. तेव्हा ‘निकोटिननंच झालं’ असं धरून बसू नका. एकदा डॉक्टरांना दाखवा, बीपी आणि ईसीजी पाहून घेऊ द्या, आणि त्या दिवशी काय सांडलं होतं तेही सांगा. पुन्हा असं झालं तर वाट न बघता ९९९ या तिकडच्या तातडीच्या नंबरला फोन. हे सांगून झालं, आता निकोटिनकडे वळू.

माझं माहेर निपाणीकडचं. तिकडे तंबाखूची शेतं आणि वखारी. लहानपणी दव पडलेल्या सकाळी शेतात खुडायला गेलेल्या बायकांपैकी एखादी दुपारपर्यंत बांधावर येऊन बसायची. तोंड पांढरंफटक, ओकाऱ्या काढतेय. कोणी डॉक्टरकडे धावायचं नाही. म्हणायचे, ‘तंबाखू लागली.’ विड्यातून नव्हे, तोंडातून नव्हे, ओल्या पानांना नुसते हात लागून. डॉक्टरी पुस्तकात हा आजार १९७० मध्ये फ्लोरिडातल्या तंबाखू कामगारांवरून नोंदवला गेला. इंग्रजीत त्याला ‘हिरव्या तंबाखूचा आजार’ अशा अर्थाचं नाव आहे. काम केल्यावर काही तासांनी सुरू होतो आणि एक-दोन दिवसांत आपोआप ओसरतो. आपल्या बायकांनी त्याला त्याहून नेमकं नाव कधीच दिलं होतं. ‘लागणं’ म्हणजे स्पर्श होणं, आणि ‘लागणं’ म्हणजे बाधणंही. तुमचा सगळा प्रश्न या दोन ‘लागण्यां’मधल्या अंतराचा आहे.

आता तुमच्या नवऱ्याचं म्हणणं घेऊ. कातडीतून काही आत जात नाही म्हणे! त्यांना विचारा, सिगारेट सोडताना निकोटिनचा पॅच ऐकला होता का? दंडावर चिकटवायची ती पट्टी निकोटिन कातडीतूनच रक्तात पोचवते. चोवीस तासांच्या पट्ट्यांमधल्या सर्वांत मोठ्या पट्टीतून २१ मिलीग्रॅम जातं. म्हणजे रस्ता आहे आणि औषध कंपन्या रोज तो वापरतात. फक्त तो अरुंद आहे. निकोटिन कातडीच्या वरच्या थरात मुरतं आणि तिथून हळूहळू झिरपतं. म्हणूनच लगेच धुतलं तर फारसं आत जात नाही, आणि धुतलं नाही तर जात राहतं.

थोडा हिशेब करू, कारण घाबरवणाऱ्या पोस्टमध्ये तो कधीच नसतो. बाटलीवरचे १८ म्हणजे एका मिलीलीटरमध्ये १८ मिलीग्रॅम. कुठे १.८ टक्के असं लिहिलं तर तेही तेवढंच. मिलीलीटरचे साधारण वीस थेंब होतात, म्हणजे थेंबात मिलीग्रॅमपेक्षा किंचित कमी. एक सिगारेट ओढणाऱ्याच्या अंगात एक-दीड मिलीग्रॅम जातं. तेव्हा वेपची टाकी भरताना बोटावर पडलेला थेंब पूर्णच्या पूर्ण आत गेला, तरी तो सिगारेटीएवढासुद्धा नाही, आणि पूर्ण कधीच जात नाही. पुसून, साबणानं हात धुऊन विसरून जावं इतकी ती साधी गोष्ट आहे. तुमच्या नवऱ्याचा अनुभव हाच असणार. तो स्वतः निकोटिनला सरावलेला, आणि थेंब लगेच पुसणारा. त्याच्यापुरतं तो खरं बोलतोय.

आईंचं वेगळं. निम्मी बाटली म्हणजे पाच मिलीलीटर, ९० मिलीग्रॅम. त्यातलं बरंचसं पँटीत आणि बादलीच्या पाण्यात गेलं. पण हातावरचं जाड, चिकट द्रव पदरानं टिपलं. समजा मिलीलीटरभर पदरात गेलं. मग तो पदर खोचला कुठे? ब्लाऊज आणि परकराच्या मध्ये, उघड्या कमरेशी. स्वयंपाकघरात, घामेजलेल्या कातडीवर, चार तास. आईंनी नकळत कमरेला जवळजवळ एक पॅच बांधला. तो पॅच दिवसाला दहापेक्षा जास्त सिगारेटी ओढणाऱ्याला देतात. ज्या बाईनं सुपारीही चाखली नाही, तिला त्यातला थोडा भागसुद्धा पुरे. कापडातलं सगळं काही अंगात जात नाही, हा अंदाज आहे, मोजमाप नाही. पण उशिरा सुरू झालेला त्रास, मळमळ-घाम-गरगर ही तिकडी, आणि साडी उतरवल्यावर आलेला आराम, हे सगळं जुळतं. आईंना तंबाखू लागली होती, असं मी म्हणेन.

इथे ते ‘सेंट’ आडवं आलं. खरं सेंट स्पिरिटमधलं असतं, पदराला पुसलं तर दोन मिनिटांत उडून जातं. वेपचं द्रव प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीनचं असतं. ते उडत नाही, उलट हवेतला ओलावा ओढून घेतं. त्यातलं ग्लायकॉल तर औषधी मलमांमध्ये औषध कातडीत नीट मुरावं म्हणून मुद्दाम घालतात. आईंनी सेंटचं जे करतात तेच केलं. त्यांना ‘तंबाखूचा अर्क आहे’ एवढं माहीत असतं, तर कराडची बाई ती, तिनं आधी हात धुतले असते आणि मग साडी बदलली असती.

औषधशास्त्र शिकणाऱ्यांना एक जुनी गोष्ट हमखास सांगतात. १९३३ साली एका अमेरिकी डॉक्टरनं ती नोंदवली. एक फुलविक्रेता चुकून अशा खुर्चीवर बसला, जिच्यावर निकोटिनचं कीटकनाशक सांडलं होतं. पाव तासात मळमळ सुरू झाली आणि तो कोसळला. दवाखान्यात चार दिवस ठेवून बरा झाल्यावर त्याला त्याचेच कपडे परत दिले, कागदी पिशवीत बांधून ठेवलेले. ते घातल्यावर थोड्याच वेळात तो पुन्हा तसाच आजारी पडला. ते कीटकनाशक ४० टक्क्यांचं होतं, म्हणजे तुमच्या बाटलीच्या वीसपटीहून जास्त तीव्र. त्यामुळे घाबरू नका. पण पदर आणि पँटीचा खिसा यांच्याकडे का बघायचं, ते यातून कळेल.

व्हॉट्सअ‍ॅपवरचा ‘एक थेंब’ कुठून आला, तेही सांगते. जुन्या पुस्तकांमध्ये निकोटिनचा मारक डोस मोठ्या माणसाला ६० मिलीग्रॅम असा छापलेला असायचा. २०१४ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्रात्सचे औषधशास्त्रज्ञ बेर्न्ड मायर यांनी तो आकडा कुठून आला याचा माग काढला. तो एकोणिसाव्या शतकात काहींनी स्वतःवर केलेल्या संशयास्पद प्रयोगांपर्यंत पोचला. पुस्तकामागून पुस्तकात तो तसाच उतरत गेला होता. त्यांच्या मते पोटात गेलेल्या निकोटिनचा मारक डोस अर्धा ते एक ग्रॅमच्या घरात आहे. हे मोठ्या माणसाचं. शुद्ध निकोटिनचा थेंब ही खरंच गंभीर गोष्ट आहे, पण १८ च्या बाटलीतल्या थेंबाला ती भीती लावणं म्हणजे ताकाला दारूचा कायदा लावणं.

आईंना पुढे काही होईल का? निकोटिन रक्तातून दर दोन तासांना साधारण निम्मं होतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी उरतं ते नावापुरतं. यातून मागे राहणारा त्रास मला दिसत नाही. एका दुपारीनं व्यसनही लागत नाही. ही शंका तुम्ही लिहिली नाहीत, पण मनात आली असेल.

पुन्हा सांडलंच तर काय करायचं? आधी भिजलेला कपडा उतरवायचा, हात त्यानंतर धुतले तरी चालतील. आपण नेमकं उलटं करतो. मग वाहतं कोमट किंवा गार पाणी आणि साधा साबण. थेंबाला मिनिटभर, मोठ्या सांडलवंडीला दहा-पंधरा मिनिटं. कढत पाणी नको, त्यानं कातडीचं रक्त वाढतं. खसाखसा घासू नका. सॅनिटायझर चोळू नका, तो पसरवतो, काढत नाही. तूप, खोबरेल तेल, हळद काही लावू नका. आणि जळजळतंय म्हणून चुना किंवा खायचा सोडा तर अजिबात नाही. तंबाखू मळताना चुना कशाला लावतात? चुन्यानं निकोटिन मोकळं होतं आणि तोंडाच्या कातडीतून झपाट्यानं आत शिरतं. जे गालफडात होतं, ते कमरेवरही होईल. हाताला भेगा, ओरखडे, इसब असेल तर जास्त काळजी, कारण तिथे कातडीचा दरवाजा आधीच उघडा असतो. त्या थंडीत भांडी घासून आईंच्या हाताला भेगा पडल्या असतील, तर त्यांना हातमोजे द्याच.

धुतल्यानंतरही तास-दोन तास लक्ष ठेवा, कातडीत मुरलेलं थोडं मागाहून उतरत असतं. नुसती मळमळ असेल तर मोकळ्या हवेत बसवा आणि १११ या तिकडच्या आरोग्यसल्ल्याच्या नंबरला फोन करून विचारा. उलट्या थांबत नाहीत, गुंगी येतेय, छातीत धडधडतंय किंवा ठोके मंदावलेत, अंगाला झटके, श्वासाला त्रास, असं काही असेल तर ९९९. भारतातल्या वाचकांसाठी दिल्लीच्या एम्समधलं विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ वर आहे. अमेरिकेतल्यांसाठी १-८००-२२२-१२२२. अमेरिकेतल्यांनी अधिक जपा. ब्रिटनमध्ये मिलीलीटरला २० मिलीग्रॅम आणि बाटलीला १० मिलीलीटर अशी कायद्याची मर्यादा आहे, तिकडे याच्या दुपटी-तिपटीचं द्रव सर्रास मिळतं.

आता मुलगी. मला खरी काळजी तिची आहे, आणि ती कातडीची नाही, तोंडाची आहे. आजीच्या कडेवर बसून पदर चोखणारी चौदा महिन्यांची पोर मला पत्र वाचतानाच दिसत होती. आंब्याचा वास, गोड चव, बोटाएवढी रंगीत बाटली. तुमच्या पूर्ण बाटलीत १८० मिलीग्रॅम निकोटिन असतं आणि मुलीचं वजन असेल दहा किलो. अमेरिकेत विषबाधा केंद्रांना ई-सिगारेटवरून येणारे फोन सप्टेंबर २०१० मध्ये महिन्याला एक होते, फेब्रुवारी २०१४ मध्ये २१५ झाले. त्यांतले निम्म्याहून अधिक पाच वर्षांखालच्या मुलांसाठीचे होते. त्याच वर्षी डिसेंबरात न्यूयॉर्क राज्यात एक वर्षाचं मूल हे द्रव पिऊन दगावलं. त्यानंतर, २०१६ च्या जानेवारीत, मुलांना न उघडणारी टोपणं सक्तीची करणारा कायदा तिथे झाला. तुमच्या बाटलीलाही तसंच टोपण असणार. दाबून फिरवायचं ते. पण खिशात निघालं म्हणजे ते नीट बसलंच नव्हतं. अशा टोपणाचा ‘कट’ आवाज येईपर्यंत फिरवायचं असतं.

मुलीनं चोखलं, प्यायली, किंवा तोंडाला आंब्याचा वास येतोय असं वाटलं, तर लक्षणांची वाट बघू नका, तत्काळ वर दिलेल्या नंबरांवर फोन करा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. अंगावर सांडलं तर कपडे काढा आणि थेट आंघोळ घाला, त्यातही लंगोट विसरू नका. न्हाणीघराची फरशी कागदानं टिपून साबणाच्या पाण्यानं दोनदा पुसली असेल तर तिथे रांगायला हरकत नाही.

आईंच्या डोळ्यांत रोज ड्रॉप्स घालता का? मग वेपची बाटली त्या कपाटातून आजच हलवा. दोन्ही बाटल्या दिसायला सख्ख्या बहिणी, आणि चुकून हे द्रव डोळ्यांत घातल्याची उदाहरणं खरोखर घडलेली आहेत. घातलंच तर पाण्याची धार धरून पंधरा मिनिटं डोळा धुवायचा आणि दाखवायला जायचं.

सांगायचं का, हा तुमचा शेवटून दुसरा प्रश्न. सांगायचं. आणि तुम्ही नाही, त्यानं. सून सांगते तेव्हा ती चुगली होते, मुलगा सांगतो तेव्हा कबुली. त्यात लाजण्यासारखं तरी काय आहे? दोन वर्षं सिगारेट नाही, हे आईला अभिमानानं सांगण्यासारखं आहे. ‘आई, सिगारेट सोडायला हे घेतो, यात तंबाखूचा अर्क असतो, तुला त्या दिवशी हेच लागलं,’ एवढी तीन वाक्यं. चिडतील, दोन दिवस बोलणार नाहीत, तिसऱ्या दिवशी विचारतील, ‘मग हे कधी सोडणार?’ त्याचंही उत्तर त्यानं तयार ठेवावं. १८ वरून १२, मग ६, मग ३ असं उतरत येता येतं, आणि सांडलं तरी ३ च्या थेंबाची भीती १८ च्या सहाव्या हिश्शाची. आईंना मुळात तुमच्या नवऱ्यानं सिगारेट ओढल्याचा पत्ता नव्हता असं तुम्हाला वाटतंय का? त्याच्या पँटी धुणारी आई आहे ती.

एक आठवण बाजूची. दिवाळीला कराडला जाल तेव्हा बाटली आणि यंत्र स्लावलाच ठेवून जा. भारतात २०१९ च्या कायद्यानं ई-सिगारेटची आयात गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आईंच्या परतीच्या बॅगेतही, भेटवस्तूंच्या गठ्ठ्यात वगैरे, काही जाणार नाही हे बघा.

साडी टाकू नका. निकोटिन पाण्यात सहज विरघळतं. पदर आधी हातमोजे घालून वाहत्या पाण्याखाली धरा, मग एकटीच साडी मशीनमध्ये टाका, पुन्हा एकदा धुवा आणि उन्हात वाळवा. पँटीचा खिसा उलटा करून तसाच धुवा. आंब्याचा वास दोन-तीन धुण्यांपर्यंत राहील. तो नुसता वासाच्या अर्काचा असतो, त्यानं बिचकू नका, आईंना खुशाल नेसू द्या.